रस्त्याची धूळ : विटाळ त्यांचा, विष आपल्या वाट्याला

पेशवाईतल्या पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं असायचं आणि कमरेला झाडू. मडकं थुंकीसाठी, झाडू पावलं पुसण्यासाठी. ज्या धुळीवर महाराचा पाय पडला ती धूळ बाटली, आणि त्या धुळीवर ज्याचा पाय पडेल तोही बाटला, असा हिशेब. बाबासाहेबांनी ही गोष्ट १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात लिहून ठेवली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने ते भाषण होऊच दिलं नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं.

मडक्याबद्दल आपण खूप बोललो. झाडूबद्दलही बोललो. पण त्या धुळीबद्दल कुणी बोललं नाही. धूळ ती धूळ, तिचा इतिहास कोण लिहिणार? राजांचा इतिहास असतो, किल्ल्यांचा असतो, देवळांचा तर असतोच असतो. रस्त्याच्या कडेच्या मातीचा नसतो. आणि आपली वस्ती तर तिथंच. म्हणून हा लेख धुळीचा आहे. रत्नागिरीच्या लाल धुळीचा.

एक फरक आधीच सांगून टाकतो. विटाळ खोटा होता. धुळीत काहीही नव्हतं, तरी सगळा गाव म्हणत होता की आहे. आज धुळीत खरोखरच काहीतरी आहे. शिसं आहे, जस्त आहे, तांबं आहे, कॅडमियम आहे. आणि आता सगळे म्हणतात, काही नाही हो, धूळच ती! जे नव्हतं त्याचा पुरावा दोन हजार वर्षं कुणी मागितला नाही. जे आहे त्याचा पुरावा मात्र आपल्याकडे मागतील. म्हणून आपण नीट माहिती घेऊन बोलायचं.

१

रत्नागिरी जिल्हा आपल्या चळवळीचं आजोळ म्हणावं असा. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. दापोली ही पलटणीतून पेन्शन घेतलेल्या आपल्या माणसांची वस्ती. तिथंच गोपाळबाबा वलंगकर राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. म्हणजे विटाळावर छापील घाव घालायला आपल्या माणसाने सुरुवात केली ती याच लाल मातीत.

या मातीत आपला वाटा किती? जवळजवळ शून्य. जमीन खोताची. कुळ राबणार, खोत पिकवलेलं नेणार. आपला माणूस तर कुळाच्याही खाली. गावाच्या कडेला, वहाळाच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घरं. काम काय? मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, वाट दाखवायची, सांगावा पोचवायचा. नीट बघा, यातली निम्मी कामं रस्त्याची आहेत. रस्त्यावर चालायचा हक्क नाही, पण रस्त्याची वेठ आपल्याच डोक्यावर.

म्हणूनच आपल्या पहिल्या लढायांत वाट आणि पाणी सतत येतं. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. १९२४ साली त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह झाला. तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यावरून नुसतं चालण्यासाठी होता! २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याकडे आपली माणसं रांगेने गेली, ती भर रस्त्यातून गेली. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेबांनी खोती आणि वतन या दोन्ही बेड्यांबद्दल रत्नागिरीच्या माणसांना सांगितलं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करायचं बिल आणलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. महार वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानंतर.

खोत गेला. पण खोताची जमीन आपल्याला मिळाली का? कुळांना मिळाली, काहींना. आपण वाडीच्या जागेवर होतो तिथंच राहिलो. सातबारा कोरा. मग जिथे जागा मिळाली तिथे घर घातलं. गायरानाच्या कडेला, सड्यावर, आणि पुढे डांबरी सडक झाली तेव्हा सडकेच्या कडेला.

सडक आपल्याला वाईट वाटली नाही, हेही लिहून ठेवायला पाहिजे. सडकेवर यष्टी आली. यष्टीत शेजारी कोण बसलाय हे विचारता येत नाही. तिकीट काढलं की सीट आपली. त्याच सडकेने आपली पोरं मुंबईला गेली, गिरणीत लागली, गोदीत लागली, म्युनिसिपालटीत लागली. त्याच सडकेने ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. सडक ही आपल्या सुटकेची वाट होती. तेव्हा रस्ता नको असं म्हणणारा हा लेख नाही. रस्ता आपणच बांधला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडत बसलेल्या लाखो बायाबापड्यांत आपले हात किती होते ते कुणाला सांगायला नको. पण रस्त्याने दिलं काय आणि मागे ठेवलं काय, हा हिशेब आता मांडायला हवा.

२

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ.

बोले ठराव झाला त्याच वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावात एका पंपावर नव्या तऱ्हेचं पेट्रोल विकायला आलं. मोटारचं इंजिन तेव्हा ठोके द्यायचं. त्यावर जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या माणसाने १९२१ साली उपाय काढला होता: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळायचं, टेट्राएथिल लेड. ठोके बंद. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात हे तेव्हा माहीत होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट कोण घेणार? शिशाच्या संयुगात पैसा होता. विकताना कंपनीने नाव ठेवलं 'एथिल'. शिसं हा शब्दच गाळला!

शिसं विष आहे हे नवं नव्हतं. रोमन काळापासून माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे ५ कामगार वेड लागून मेले, डझनावारी दवाखान्यात गेले. दुसऱ्या एका कारखान्याला कामगारांनीच 'फुलपाखरांचं घर' असं नाव पाडलं होतं, कारण विष चढलेल्या माणसांना हवेत नसलेले किडे दिसायचे आणि ते हाताने हाकलत बसायचे. मिजलीने पत्रकारांपुढे त्या द्रवात हात धुऊन दाखवले, वास घेऊन दाखवला. आदल्याच वर्षी तो स्वतः शिशाच्या बाधेने सुट्टी घेऊन बसला होता, हे त्या दिवशी त्याने सांगितलं नाही.

१९२५ साली सरकारने परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी तिथे बजावलं की हे रस्त्यावर सोडू नका. कामगारांचं मरण दिसतं, पण गल्लीतल्या माणसांना हळूहळू भिनेल ते दिसणार नाही. कंपनी म्हणाली, बाधा होते याचा पुरावा दाखवा. पुरावा येईपर्यंत विक्री चालू! हा कायदा लक्षात ठेवा. विषाला संशयाचा फायदा, आणि माणसाला पुराव्याचा बोजा.

पुरावा यायला ४० वर्षं लागली. १९६५ साली क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने दाखवलं की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं निसर्गात होतं त्याच्या कितीतरी पट आहे. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या बालडॉक्टरने शाळेतल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातात शिसं जास्त, त्यांचं वर्गात लक्ष कमी आणि बुद्ध्यांकही कमी. पोरं वरून निरोगी दिसत होती. ताप नाही, ओकारी नाही. फक्त डोक्यातला एक हिस्सा कुणीतरी गुपचूप काढून नेला होता.

३

आपल्याकडे काय झालं? आपल्या देशातही शिशाचंच पेट्रोल होतं. लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शिसं. १९९४ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांत ते लिटरला ०.१५ ग्रॅमवर आणलं. १ एप्रिल १९९५ पासून त्याच चार शहरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेही नव्या गाड्यांसाठी. साऱ्या देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. महानगराला आधी शुद्ध हवा, आणि रत्नागिरीला नंतर. याही क्रमाला आपण ओळखतो. साऱ्या जगात शेवटचा देश अल्जेरिया, तो थांबला जुलै २०२१ मध्ये. डेटनच्या त्या पंपापासून ९८ वर्षं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर समोरचा आपलं म्हणणं एका वाक्यात उडवून लावील. शिसं पेट्रोलमध्ये होतं, डिझेलमध्ये नव्हतं. मुंबई-गोवा हमरस्त्यावर, म्हणजे आधीच्या १७ आणि आताच्या ६६ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर, धावणारे ट्रक आणि यष्टी डिझेलच्या. शिसं सोडलं ते मोटारी, स्कूटर, रिक्षा यांनी. म्हणून रत्नागिरीच्या मातीवर जेवढं शिसं पडलं त्यापेक्षा मुंबईच्या रस्त्यांवर कितीतरी जास्त पडलं.

पण मुंबईच्या त्या रस्त्याकडेला कोण होतं? रत्नागिरीच होती! चाकरमानी. माटुंगा लेबर कॅम्प, चेंबूर, घाटकोपर. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर तर थेट पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून. ११ जुलै १९९७ ला तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं त्याच महामार्गावर उतरली आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. गोळ्या मोजल्या गेल्या. आयोग बसला. पण त्या वस्तीच्या उंबऱ्यावर रात्रंदिवस जे सांडत होतं ते कुणी मोजलं? थोडंफार मोजलं गेलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या पोरांच्या रक्तातलं शिसं तपासलं आणि दाखवलं की जिथल्या हवेत शिसं जास्त तिथल्या पोरांच्या रक्तातही जास्त. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या हजारावर मुलांचं रक्त घेतलं. चारातल्या तिघांच्या रक्तात डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

४

पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. मग आता भांडण कशाचं? भांडण मातीचं. हवा वाहून जाते, पाणी वाहून जातं, माती जागेवर असते. इंजिनातून शिसं बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं. जड कण रस्त्याच्या कडेच्या पहिल्या काही मीटरांत खाली बसतात, हलके दूर जातात. म्हणून काठावर सर्वांत जास्त, आणि जसजसं आत जाऊ तसतसं कमी. शंभर मीटरच्या आसपास गेलं की माती बहुतेक जिथल्या तिथल्यासारखी होते. म्हणजे हे विष पट्ट्याने पसरतं. आणि त्या पट्ट्यात घर कुणाचं, टपरी कुणाची, हे तुम्ही आपापल्या गावात बघा.

शिसं कुजत नाही, जळत नाही. वरच्या चार बोटं मातीत शेकडो वर्षं राहतं. आपल्या जांभ्याच्या मातीत तर आणखी घट्ट. जांभा लाल का? त्यात लोखंडाची ऑक्साइडं आहेत म्हणून. शिसं त्यांना चिकटून बसतं. आजोबांच्या काळात सांडलेलं नातवाच्या काळात तिथंच.

जस्त आणि कॅडमियमचं वेगळं. आपली माती आंबट, पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त. आंबट मातीत हे दोन धातू सुटे होतात आणि पाण्याबरोबर खाली उतरतात. हे धातू कुठून येतात? टायरच्या रबरात जस्ताचं ऑक्साइड असतं, टायर झिजला की ते रस्त्यावर. त्या जस्तात कॅडमियमची भेसळ. ब्रेकच्या पट्ट्यांतून तांबं आणि अँटिमनी. कठड्याच्या पत्र्यावरच्या मुलाम्यातून पुन्हा जस्त. इंजिनाच्या झिजेतून क्रोमियम आणि निकेल. रस्त्यावरचे पिवळे पट्टे पूर्वी शिशाच्याच रंगाचे असत. यात पेट्रोल-डिझेलचा भेद नाही. उलट ट्रक जितका जड, घाट जितका अवघड, तितकी झीज जास्त. परशुराम घाट, भोस्ते घाट, कशेडी घाट, आंबा घाट. प्रत्येक उतारावर ब्रेक जळतो, आणि जळलेल्या ब्रेकचा वास ज्यांच्या घरात येतो त्यांच्या अंगणात तांबंही येतं. उद्या सगळ्या गाड्या विजेवर चालल्या तरी टायर झिजणारच आहे.

आणि पाऊस. ऑक्टोबरपासून मेपर्यंत धूळ साठते. मिरगाचा पहिला पाऊस येतो आणि आठ महिन्यांची धूळ एका दिवसात धुऊन नेतो. कुठे? रस्त्याच्या गटारातून पऱ्यात, पऱ्यातून वहाळात, वहाळाच्या काठच्या खाचरात आणि विहिरीत. सखल जागेवर कोण राहतं, हे पुन्हा सांगायला नको.

५

सगळ्यांच्या अंगावर सारखी धूळ पडते, यात जात कुठून आली, असं कुणी विचारील. जात पोटात आहे.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातला दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलाच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास उतरतो. मूल अंगणात रांगतं, बोटं तोंडात घालतं, त्याची माती आणि त्याचं जेवण एकाच हाताने होतं. आणि ज्या मुलाच्या अंगात लोह कमी, कॅल्शियम कमी, त्याचं शरीर शिसं जास्त ओढून घेतं. भुकेलं शरीर शिशाला लोह समजून घरात घेतं! म्हणजे एकाच रस्त्याच्या कडेला दोन पोरं वाढली, एक दूध-अंडी खाणारं आणि एक पेज पिणारं, तर धूळ तीच, विष वेगवेगळं.

हे अमेरिकेत मोजलं गेलंय. १९७६ ते १९८० च्या राष्ट्रीय पाहणीत लहान काळ्या मुलांपैकी शंभरात १२ जणांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या तेव्हाच्या रेषेवर होतं. गोऱ्या मुलांत शंभरात २. वंश रक्तात नव्हता, वंश राहत्या जागेत होता. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे आज जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे, त्यातली साडेसत्तावीस कोटी आपल्या देशात. हे सगळं रस्त्यावरून आलेलं नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवणारे अड्डे आहेत, रंग आहेत, भेसळीची हळद आहे, भांडी आहेत. पण बॅटरी फोडणारा हात कुणाचा, रस्ता झाडणारा हात कुणाचा, हे विचारलं की उत्तर फिरून एकाच वाडीत येतं. पेशव्यांनी कमरेला बांधलेला झाडू नगरपरिषदेच्या ठेकेदाराने हातात दिला, एवढंच.

आता यातली सगळ्यात कडू गोष्ट. शिसं मुलाचं लक्ष घालवतं, आठवण घालवतं, रागावरचा ताबा घालवतं. मग तेच मूल शाळेत मागे पडतं आणि मास्तर म्हणतो, यांच्या डोक्यातच नाही. पुढे कॉलेजात कुणी मेरिटवर भाषण देतं. दोस्तहो, आपली पोरं कमी नाहीत. विषाच्या कडेला, उपाशी पोटी वाढूनही ती पदव्या घेतायत, लिहितायत, लढतायत. पण आधी चोरी करायची आणि मग चोरीला गेलेल्या मालाबद्दल परीक्षा घ्यायची, हा न्याय आपण मानायचा का?

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्याच काळातली एक गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तोरिकन पोरांच्या संघटनेने शिशाची बाधा तपासायचे संच आरोग्य खात्याकडून भांडून मिळवले आणि दारोदार जाऊन मुलांची तपासणी केली. त्यातून वस्तीतल्या मुलांना किती बाधा आहे ते उघड झालं आणि शहराला हलावं लागलं. मोर्चा आणि तपासणी या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

६

रत्नागिरी विषाविरुद्ध लढलेली नाही असं नाही. स्टरलाइटचा तांबं गाळायचा कारखाना आधी रत्नागिरीतच यायचा होता. औद्योगिक वसाहतीत ५०० एकर जागा दिली होती, बांधकाम सुरू झालं होतं. १९९३ साली माणसं उठली. मच्छीमार, आंबावाले, गावकरी. त्या जुलैत काम थांबवावं लागलं. कारखाना गेला. गेला कुठे? तामिळनाडूत तुतिकोरिनला. तिथे २२ मे २०१८ ला आंदोलकांवर गोळीबार झाला, १३ माणसं मेली, मग कारखाना बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उघडायला नकार दिला.

यातून दोन धडे. एक, आपल्या दारातलं विष दुसऱ्याच्या दारात ढकललं म्हणजे जिंकलो असं नाही. विटाळाचंही तसंच होतं, प्रत्येक जात आपला विटाळ खालच्या जातीवर ढकलत होती. दोन, कारखान्याला चिमणी असते, फाटक असतं, मालक असतो. बोट दाखवता येतं. रस्त्याला मालक नाही. प्रत्येक गाडी चिमूटभर सांडते आणि निघून जाते. म्हणून रस्त्याच्या विषाविरुद्ध रत्नागिरीत मोर्चा निघत नाही.

७

मग काय करायचं? घोषणा नंतर. आधी चमचा आणि पिशव्या घ्या.

महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडत चाललंय. जुन्या सडकेच्या कडेची माती खणली जातेय. म्हणजे १९५० ते २००० या काळात ज्या मातीवर शिसं बसलं नेमकी तीच. ती माती भरावाला कुठे जाते? फुकट माती म्हणून वाडीतल्या कुणी अंगणात, शाळेच्या मैदानात, समाजमंदिराच्या जोत्यात घेतली का? हे प्रत्येक गावात विचारा.

नमुना घ्यायची रीत सोपी. रस्त्याच्या कडेपासून १ मीटर, ५, १०, २५ आणि ५० मीटरवर वरची चार बोटं माती घ्यायची. प्रत्येक अंतरावर पाच ठिकाणची घेऊन एकत्र मिसळायची. जस्ताचा मुलामा असलेलं खुरपं वापरायचं नाही, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं घ्यायचं. गॅरेज आणि रंगवलेल्या खांबाजवळची घ्यायची नाही. पिशवीवर जागा, तारीख, अंतर लिहायचं. आणि एक नमुना दूरच्या सड्यावरचा, जिथे रस्ता नाही पण माती तीच जांभ्याची. हा शेवटचा विसरू नका. आपल्या मातीत तांबं, क्रोमियम मुळातच असतं. तुलनेला सड्याची माती नसेल तर साहेब म्हणेल, हे तर देवानेच दिलंय.

तपासायचं कुठे? सरकारने २०१५ पासून जमिनीची आरोग्य पत्रिका सुरू केली. तीत १२ गोष्टी तपासतात. जस्त, तांबं, लोह, मँगनीज तपासतात, पण पिकाचं खाद्य म्हणून. शिसं आणि कॅडमियम त्या यादीत नाहीत. शिवाय पत्रिका जमीनवाल्याची. ज्याला जमीनच नाही त्याच्या अंगणाची पत्रिका कोण काढणार? दापोलीला १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, जिथे गोपाळबाबांनी विटाळावर लिहिलं त्याच दापोलीत. तिथे जा, विभागप्रमुखाला भेटा, विद्यार्थ्यांत आपली पोरं आहेत त्यांना गाठा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला माहितीच्या अधिकारात विचारा की जिल्ह्यातल्या रस्त्याकडेची माती कधी तपासली, कुठली, आकडे काय. अमेरिकेने २००१ साली पोरं खेळतात त्या मातीसाठी दहा लाख भागांत ४०० भाग शिसं ही रेघ ठरवली, २०२४ साली ती २०० वर आणली. आपला आकडा आला की त्याच्याशी ताडून बघता येईल.

मागण्या मोजक्या ठेवा. रस्ता झाडणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं दर वर्षी तपासा, आणि तो खर्च ठेकेदाराने करावा. कोरडं झाडणं बंद, पाणी मारून झाडा. हातपाय धुवायला आणि कपडे बदलायला जागा द्या. शाळा-अंगणवाडी महामार्गाच्या पट्ट्यात असेल तर मैदानावर स्वच्छ माती आणि गवत घाला, मध्ये गडगा आणि झाडं लावा. महामार्गाचं गटार विहिरीच्या अंगाला सोडू नका.

घरातही करण्यासारखं आहे. मुलांचे हात जेवणाआधी धुवायचे, जमीन ओल्या फडक्याने पुसायची, कडेला पिकलेली पालेभाजी तीनदा धुवायची, नाचणी आणि शेवग्याचा पाला ताटात ठेवायचा. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ते शिशाला आत यायला अडवतं. पण एवढं सांगून मोकळं व्हायचं नाही. आईने हात धुतले नाहीत म्हणून मूल बाधलं, असा दोष आपल्याच बायांवर टाकायला व्यवस्था टपलेलीच आहे. विष ज्यांनी सांडलं त्यांनी ते उचलायचं.

दोस्तहो, आपल्या आजोबा-पणजोबांनी रस्त्यावरून चालायचा हक्क मिळवला. त्यासाठी मार खाल्ला. तो हक्क अर्धाच मिळालाय. रस्त्याच्या कडेला निरोगी राहायचा हक्क अजून मिळवायचाय. त्यासाठी ज्या धुळीवरून आपली पावलं पुसायला लावली, तीच धूळ आता पिशवीत भरून टेबलावर ठेवायची, आणि विचारायचं, बोला साहेब, आता सांगा, बाटवलं कुणी कुणाला?

जय भीम.